कळी पडलीच नाही

भटांनी आधी पंखा बंद करायला सांगितला. एप्रिल महिना, सकाळचे अकरा वाजत आलेले, चौकात आम्ही सातआठ माणसं आणि सगळ्यांच्या पाठी घामानं भिजलेल्या. वाऱ्यानं कळी पडली असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून पंखा बंद. मला तेव्हा जरा हसूच आलं होतं, म्हणजे देवाला विचारायला आलोय आणि त्यात पुराव्याची एवढी काळजी.

ज्यांनी गोव्यात हे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे प्रसाद म्हणजे फक्त हातावर घेऊन खायचा तो नव्हे. "प्रसाद लावला" म्हणजे देवाला प्रश्न विचारला, कौल घेतला. पिटकुळीची ती लाल बारीक झुपक्याची फुलं असतात ना, तिच्या कळ्या पाण्यात भिजवून भट देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतात, उजवीकडे आणि डावीकडे. मग गाऱ्हाणं घालायचं, काय अडलंय ते देवापुढे मांडायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, घराचा पाया, कोर्टाची केस, काहीही विचारतात लोक.

पप्पांचा प्रश्न अगदी साधा होता. ट्रक विकू की ठेवू.

मी गाभाऱ्याच्या दाराशी एका बाजूला उभी होते त्यामुळे मला नीट दिसत होतं. उजव्या खांद्यावरच्या कळीच्या टोकाला पाण्याचा थेंब जमत होता. जमला, फुगला, समईच्या उजेडात जरा चमकला आणि गळून खाली पडला. सगळे पुढे वाकले. कळी जिथल्या तिथे. मग डावीकडचा एक थेंब. तो पण गेला. असं करत अर्धा तास, शेवटी थेंब पण संपले आणि कळ्या दगडाला सुकून चिकटून बसल्या. पप्पांनी हात जोडलेलेच होते, मनगटाजवळ घाम ओघळत होता पण त्यांनी तो पुसला नाही.

भट म्हणाले, "आज देव बोलत नाही. सोमवारी या."

आता मागे जायला लागेल. आणि आधीच सांगते, घरात आम्ही कोकणी-मराठीची खिचडी बोलतो, कोणी कुठल्या भाषेत काय म्हटलं ते मला पण आठवत नाही, म्हणून इथे सगळं मराठीतच लिहितेय.

आम्ही डिचोली तालुक्यातले. माझ्या लहानपणी आमच्याकडे श्रीमंत कोण हे ओळखायची सोपी पद्धत होती, कोणाच्या दारात किती ट्रक ते मोजायचं. आमच्या दारात एक होता, मग २०१० मध्ये लोन काढून दुसरा आला. दोन्ही गाड्यांच्या कपाळावर "सातेरी प्रसन्न". सातेरी म्हणजे वारुळातली देवी, म्हणजे मातीच एका अर्थानं, आणि आमच्या गाड्यांचं काम काय तर माती, म्हणजे लोखंडाचं खनिज, खणून काढलेल्या जागेवरून भरून आमोण्याच्या जेटीवर नेऊन ओतायची, तिथून बार्ज मांडवीतून मुरगाव बंदरात, तिथून जहाज चीनला. मातीच्या देवीचं नाव लावून माती विकायला नेत होतो, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा फक्त एवढं कळायचं की वाळत घातलेला युनिफॉर्म संध्याकाळपर्यंत तांबडा होतो आणि आई बाहेर कपडे वाळत घातले म्हणून स्वतःलाच शिव्या घालते.

पावसात मायनिंगची वाहतूक बंदच असते. जून ते सप्टेंबर गाड्या दारात उभ्या, ताडपत्री घालून. सप्टेंबर लागला की गॅरेजवाल्यांकडे रांगा, ब्रेक बघायचे, पत्रा ठोकायचा, रंग काढायचा, कारण ऑक्टोबरात सिझन सुरू. २०१२ ला पप्पांनी दोन्ही गाड्या अशाच तयार केल्या होत्या आणि चार टायर नवीन घातले होते, उधारीवर. १० सप्टेंबरला राज्य सरकारनं सगळ्या खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं पण बंदी घातली. त्या वर्षी चवथ होती १९ सप्टेंबरला. म्हणजे गणपती नऊ दिवसांवर, मी बारावीला, टायरवाल्याचे पैसे द्यायचे आणि हप्त्याची तारीख दर महिन्याची पाच.

त्या नऊ दिवसांतला एक दिवस मला पक्का आठवतो. आई पहाटे उठली, डोक्याला टॉवेल बांधला, कोयती घेतली आणि शेजारच्या मावशीबरोबर निघाली. आईचं माहेर सत्तरी तालुक्यातलं, रानाच्या अगदी कडेचं. संध्याकाळी परत आली ती दोन गोणी घेऊन. आतून निघालं काय, तर कवंडळं, माट्टीची फळं, घागऱ्या, आंबाडे आणि केवणीच्या सालीचे दोर. माटोळीचं सामान. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला जी रानातली फळं-फुलं बांधतात ती माटोळी, बाहेरगावच्या वाचकांसाठी. गोव्यात माटोळीशिवाय चवथ नाही, मखर चुकलं तर चालतं.

आमच्या माटोळीसाठी एवढं कशाला आणलंस, मी विचारलं.

"आमच्यासाठी नाही. विकायला."

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही पण आईचा काहीच झाला नाही. दोन ट्रकवाल्याची बायको डिचोलीच्या बाजारात जमिनीवर गोणपाट टाकून कवंडळं विकायला बसणार. पप्पा काही बोलले नाहीत, बाहेर गेले आणि गाडीचं बॉनेट उघडून उगाचच आत बघत राहिले. मी तर त्याच्या पुढचं केलं. बाजाराच्या दिवशी मी क्लासला जाताना त्या रस्त्यानं गेलेच नाही, लांबचा वळसा घेऊन गेले, कारण वर्गातल्या मुली त्यांच्या आयांबरोबर बाजारात येणार हे मला माहीत होतं. हे मी आजपर्यंत आईला सांगितलेलं नाही. तिला माहीत असणार.

त्या वर्षी टायरवाल्याचे पैसे फिटले असं नाही, तेवढे पैसे माटोळीत नसतातच. पण गणपती आला, नेवऱ्या झाल्या, पाच दिवस खतखतं-भात नीट झाला. आरतीला उभी राहिले तेव्हा मी आमची माटोळी मोजत होते, त्यात एकही कवंडळ नव्हतं. सगळी विकली होती तिनं.

आता तुम्ही म्हणाल आईची देवावर श्रद्धा होती म्हणून तिला बळ आलं वगैरे. मला हे असं लिहायचा कंटाळा येतो कारण ते असं नव्हतं. श्रद्धा पप्पांचीच जास्त होती. सोमवार, उपवास, जत्रेला पालखीबरोबर अनवाणी, सगळं पप्पा करायचे. आई दिवा लावायची आणि दिवा लावताना सुद्धा तिचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असायचं. देवाविषयी ती फार कमी बोलायची, आणि बोलली तर बहुतेक वेळा गोष्ट सांगायची, नार्व्याच्या सप्तकोटेश्वराची.

नार्वे आमच्या डिचोली तालुक्यातलंच, अष्टमीला लहानपणी आम्ही जायचो. सप्तकोटेश्वर कदंब राजांचं कुलदैवत, मूळचा दिवाडी बेटावरचा. बहमनी काळात देऊळ पडलं, विजयनगरच्या काळात परत उभं राहिलं, मग पोर्तुगीजांनी परत पाडलं. आणि सांगतात की त्यातलं लिंग नेऊन एका विहिरीवर बसवलं, पाणी ओढायला, दोर त्याच्यावरून फिरायचा. पुढे लोकांनी ते तिथून गुपचूप काढून नदीपलीकडे नार्व्याला आणलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्यानं बांधायला लावलं, दारावर तसा शिलालेख आहे. हल्लीच २०२३ ला त्याची डागडुजी करून परत उद्घाटन झालं तेव्हा सगळे फोटो काढायला गेले होते, आम्ही पण गेलो.

लोक ही गोष्ट सांगताना शेवटावर जोर देतात, महाराज आले आणि देऊळ झालं. आई मात्र विहिरीवरच थांबायची. "सांग बघू," ती म्हणायची, "राजाचा कुलदेव. आणि विहिरीवर लावला. एवढे दिवस त्याच्यावरून दोर फिरला, त्यानं काय केलं?"

मी लहानपणी म्हणायचे, त्यानं शाप दिला.

"छ्या. पाणी काढलं."

फोंड्याकडचे देव तरी कोण वेगळे आहेत म्हणा. मंगेश कुशस्थळीहून म्हणजे आताच्या कुठ्ठाळीहून रातोरात प्रियोळला आला १५६० मध्ये, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आज एवढाली देवळं, दीपमाळा आणि तळी बघून वाटत नाही, पण हे सगळे मुळात घरदार सोडून पळालेले देव. अशा देवांच्या गावात वाढलेल्या माणसानं "माझ्याच वाट्याला का" म्हणून देवापुढे रडायचं म्हणजे जरा अवघडच होतं.

२०१३ मध्ये फायनान्सवाले येऊन नवी गाडी घेऊन गेले. त्याविषयी जास्त लिहीत नाही. एप्रिल २०१४ ला कोर्टानं बंदी उठवली पण वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, म्हणजे ट्रक तेवढेच आणि खेपा कमी. तरी पप्पा खूश. आई दरम्यान सेल्फ हेल्प ग्रुपमध्ये शिरली होती, उन्हाळ्यात सोलं, चवथीला नेवऱ्यांच्या ऑर्डरी आणि माटोळी तर दरवर्षीचीच. गाडी चालू झाल्यावर पप्पा म्हणाले आता बाजारात बसायची गरज नाही. आई हो म्हणाली आणि बसत राहिली.

मग ७ फेब्रुवारी २०१८, कोर्टानं खाणींची ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून सगळं परत बंद. १८ ला पाडवा होता. कुठला तरी सण जवळ आला की आमच्या घरावर कोर्टाचा निकाल पडतो, हा माझा त्या वेळचा विनोद होता, घरात कोणी हसलं नाही. आणि त्यानंतर महिन्याभरानं तो प्रसाद, ज्यात कळी पडलीच नाही.

घरी येताना रस्ताभर पप्पा गप्प. घरी आल्यावर म्हणाले, "देवानं नाही म्हटलेलं नाही. थांबूया. तो चालू करणार."

आई तांदूळ निवडत होती. "देवानं हो पण म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे त्यानं हा प्रश्न आपल्यावर सोडला. मंगळवारपासून मला जास्तीचे नारळ लागतील, ते तेवढे आणून द्या."

एकच कळी, आणि तिचे एकाच घरात दोन अर्थ. सोमवारी परत जायचं होतं, कोणी गेलं नाही.

मी तेव्हा पणजीत नवीन नोकरीला लागले होते, माझा पगार घरात येत होता, त्यामुळे मला मतं होती. माझं मत असं की पप्पांची श्रद्धा म्हणजे आळस आहे, देवाच्या नावावर टाकलेला. रोज सकाळी उठून गाडीची काच पुसायची. जी गाडी कुठे जाणार नाही तिची काच. दर रविवारी इंजिन चालू करून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, काळा धूर सगळा स्वयंपाकघरात. डिझेल काय फुकट येतं? दसऱ्याला झेंडूची माळ, लिंबू, नारळ. मी एकदा तोंडावर बोलले, पप्पा, देवाला एवढंच करायचं असतं तर त्यानं कळी पाडली असती. ते म्हणाले, "बाय, गाडी बंद ठेवली तर गंजते." बस एवढंच.

आणि एक गोष्ट मला त्याहून जास्त टोचायची. आमच्यापासून लांब नाही शिरगाव, लईराई देवीचं, जिथे धोंड म्हणजे तिचे व्रत केलेले भक्त अग्निदिव्यातून चालतात. तिथल्या विहिरी खाणींमुळे आटल्या, शेतात गाळ भरला, लोक कोर्टात गेले. म्हणजे तिथल्या एखाद्या बाईनं रिकामी कळशी घेऊन लईराईपुढे उभं राहून सांगितलं असणार की हे बंद होऊ दे. आणि त्याच सकाळी माझे पप्पा इथे हात जोडून उभे, चालू होऊ दे म्हणून. मग देवानं कुठल्या बाजूची कळी पाडायची? मी हे आईला विचारलं होतं. मला वाटलं ती रागावणार. ती म्हणाली, "म्हणूनच मी मागत नाही काही. दिवा लावते आणि सांगते, मी आज एवढं एवढं करणार आहे, बघ." म्हणजे आमची आई देवाला रोजचा रिपोर्ट देते. मला अजून यापेक्षा चांगली प्रार्थना सापडलेली नाही, आणि हो, लईराईला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

पण पप्पांविषयी मी चुकीची होते, किंवा अर्धी चुकीची. २३ जुलै २०२१. ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय. आदल्या रात्रीपासून पाऊस, सकाळी म्हादई आणि तिला मिळणाऱ्या नद्या सत्तरीत घरांत शिरल्या, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं त्या वेळी सांगितलं गेलं. कोविडची दुसरी लाट नुकतीच उतरत होती, लोकांच्या गाठीला पैसे नव्हते. दुपारी मामाचा फोन आला, मातीच्या भिंतीचं घर, मागची भिंत बसली. माणसं वर शाळेत गेली होती पण सामान, तांदूळ, गुरं, सगळं तसंच.

पप्पांनी काही विचार केला असं मला दिसलं नाही. ताडपत्री काढली, चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. तीन वर्षं दारात उभी असलेली गाडी. इन्शुरन्स संपलेला, पासिंग नाही, हे लिहू नये खरं तर, पण त्या दिवशी कोणी विचारलं पण नाही. वाड्यावरची चार पोरं मागे चढली. रस्त्यावर जिथे छोट्या गाड्या अडकल्या होत्या तिथून हा उंच टिपर पाणी कापत गेला. रात्री अकरापर्यंत त्यांनी मामाचंच नव्हे तर त्या वाड्यावरच्या सहासात घरांचं सामान वर नेलं, कपाटं, शिलाई मशीन, एक शेळी, आणि भिजलेल्या तांदळाच्या गोणी ज्या सगळ्यांना माहीत होतं की उद्या वास मारणार तरी कोणी टाकायला तयार नव्हतं. हे मी बघितलं नाही, मी पणजीत अडकले होते, मामीनं सांगितलं. मामी असं पण म्हणाली की पप्पा प्रत्येक खेपेला गाडी रिकामी झाली की खाली उतरून काच पुसायचे.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर ते अंगणात पाइप घेऊन गाडी धुवत होते, मी बाजूला उभी राहिले. मला माफी मागायची होती पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी दुसरं फडकं घेतलं आणि मागचा फाळका धुवायला लागले. चिखल नदीचा होता, काळपट, आणि त्याच्या खालून परत तो जुना तांबडा रंग निघत होता.

गाडी पुढच्या वर्षी विकली, भंगारात, किलोच्या भावानं. प्रसाद लावला नाही. मी विचारलं लावायचा का, तर म्हणाले, "तेच तेच किती वेळा विचारायचं, देव कंटाळेल." माणसं येऊन गाडी ओढून घेऊन गेली तेव्हा पप्पा घरात बसून टीव्ही बघत होते, आवाज जरा मोठा होता. ताडपत्री तेवढी त्यांनी ठेवून घेतली.

डिसेंबर २०२२ ला खाणींचे लिलाव झाले आणि २०२४ ला आमच्या डिचोलीतलीच पहिली खाण परत सुरू झाली. रस्त्यावर गाड्या दिसायला लागल्या. पप्पांचे जुने दोस्त चहाला येतात, म्हणतात सेकंडहँड घे एक, मी बघतो तुझ्यासाठी. देवानं ऐकलं शेवटी, असं पण एक जण म्हणाला. पप्पा म्हणाले, "आता चवथ जवळ आली, मग बघू."

गेल्या चवथीला मी सुट्टी काढून बाजारात बसले, पहिल्यांदाच. लाज वगैरे केव्हाच गेली होती, फक्त वेळ मिळत नव्हता असं मी स्वतःला सांगते. आई भाव करत होती, एका बाईला नीरफणस महाग वाटत होता आणि आई तिला नीरफणसाचं झाड स्वतः चढून दाखव म्हणत होती. पप्पा मागे बसून सुपारीच्या शिपट्याला केवणीचा दोर बांधत होते. गाठ कशी घालायची ते आईनं त्यांना शिकवलंय, तरी तिला ती कधी पसंत पडत नाही, दर दोन मिनिटांनी मागे वळून बघते. तोरिंगं, ती मोठी लिंबासारखी फळं, माझ्या पुढ्यात होती आणि मला त्यांचा भाव विचारायला लागत होता.

दुपारी पाऊस आला, चवथीच्या बाजारात येतोच. वर गाडीची ताडपत्री बांधली होती, चार बांबूंना. मध्ये पाणी साचून तिला पोट आलं तसं पप्पांनी खालून काठीनं ढकललं आणि कडेनं धार पडली, नेमकी नारळांच्या ढिगावर. किती पावसाळे गेले तिच्यावरून, मोजा. तरी शिवणीतून अजून तांबडं पाणी येतं.

"अहो, नारळ!" आई ओरडली.

पप्पांनी खिशातून फडकं काढलं आणि एकेक नारळ पुसायला घेतला.